वाटाड्याला ठाऊक नसलेलं बेट

प्रयोगशाळेत तिच्या वाट्याला आलेलं टेबल उत्तरेकडच्या खिडकीला लागून होतं. तिथे दिवसभर उजेड एकसारखा असे, आणि त्या उजेडात ती लोकांचे दात बनवत असे. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे. त्यांत ती प्लास्टर ओतायची, ते घट्ट झालं की त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि मेणात एकेक दात रोवत जायची. मग वरचा आणि खालचा जबडा बिजागरीच्या सांगाड्यात अडकवून, ज्याचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं आणि पाहणारही नव्हती अशा माणसाचा चावा उघडझाप करून बघायची. कवळी म्हटलं की लोकांना हसू येतं, हे तिला ठाऊक होतं. "हसू देत," ती म्हणायची, "हसायला दात लागतातच."

तिच्या हाताला यश होतं आणि ते तिला माहीतही होतं. कुणी कौतुक केलं तर ती संकोचायची नाही. मुख्य तंत्रज्ञ नव्या माणसांना सांगायचे, "हिच्या हातची कवळी परत येत नाही." ती मान वर न करता म्हणायची, "येते. चकाकी द्यायला."

काम संपताना वाडग्यात थोडं प्लास्टर उरायचं. बाकीचे ते खरवडून फेकून द्यायचे, ती त्याची माणसं करायची. बोटाएवढी माणसं: भाला टेकून पेंगणारा पहारेकरी, पाठीवर मिठाची गोणी घेतलेली बाई, कुबड आलेला राजा. मेणाच्या उरलेल्या कडांचे झगे आणि बाद झालेल्या दातांची शिरस्त्राणं. ही प्रजा डब्यात भरून ती घरी न्यायची आणि रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून त्यावर एक जग मांडायची.

हा खेळ माहीत नसलेल्यांना समजावताना तिचा नवरा म्हणायचा, "एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे ती बिघडवतात." व्याख्या काही वाईट नव्हती. जग मांडणारी ती. कुठला रस्ता कुठे जातो, कुठल्या दाराआड काय दबा धरून बसलंय, कोण खरं बोलतो आणि कोण लोणकढी थाप मारतो, हे सगळं तिला ठाऊक. खेळणाऱ्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते बोलून सांगायचं. जमेल की फसेल असा प्रश्न आला की निकाल वीस बाजूंच्या फाशाने लावायचा: आकडा मोठा पडला की जमलं, लहान पडला की फसलं. तिच्यापुढे पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा असे, त्याच्यामागे तिचे नकाशे आणि तिचे फासे. खेळायला नवरा, नवऱ्याबरोबर लिफ्ट दुरुस्त करणारा त्याचा सोबती, शेजारचं जोडपं आणि नणंद. नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून मग सगळेच वहिनी म्हणायला लागले, त्या टेबलापुरता नवरासुद्धा. नणंदेला सगळे धाकटी म्हणत.

अशी मंडळी कायम टिकत नाहीत. शेजाऱ्यांची बदली झाली. सोबत्याला जुळं झालं. त्यानंतर तो एकदाच आला आणि फासा मुठीत धरूनच घोरायला लागला. मग एका रविवारी नवऱ्याने आपल्या पात्राला, एका दाढीवाल्या लोहाराला, वाटेतल्या खाणावळीच्या मालकिणीशी लग्न करायला लावलं.

"तो आता सुखात आहे," नवरा उठता उठता म्हणाला. "त्याला कुणी हलवू नका." आणि पेपर घेऊन कोचावर जाऊन पडला.

टेबलाशी धाकटी उरली. तिच्या हातात तिचं पात्र होतं: दिवेवाली. विझलेले दीपस्तंभ पुन्हा पेटवत बेटाबेटांवरून हिंडणारी बाई, पाठीला तेलाचा बुधला.

"म्हणजे संपलं?" धाकटीने विचारलं.

"का संपेल?"

"एकटीसाठी कोण एवढं मांडतं, वहिनी?"

"एका माणसासाठी मी अख्खी कवळी करते. ती काय चौघं मिळून वापरतात?"

"ईऽ," कोचावरून आवाज आला.

"बाकीचे गेले, वन्सं, आता तुम्ही आणि मी," वहिनी म्हणाली. चेष्टेत आली की ती नणंदेला अशी अहो-जाहो करायची. "बसा. होडी कुठे लावताय?"

एकटीसाठी खेळ मांडणं सोपं जाईल असं वहिनीला वाटलं होतं. कमी माणसं, कमी भांडणं. पहिल्याच रविवारी तिला एक गोष्ट नवीन कळली. टेबलाशी चार माणसं असली की शांतता पडत नाही. एक जण विचार करत असला तर दुसरा बिस्किटं संपवतो, तिसरा चौथ्याशी हुज्जत घालतो. एकटं माणूस विचार करायला लागलं की सगळी खोलीच विचार करायला लागते. दिवेवालीपुढे दोन दारं होती. धाकटी खालचा ओठ दातांखाली धरून त्या दारांकडे बघत बसली. फ्रीजची घरघर सुरू झाली आणि थांबली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. ही कंटाळली, वहिनीला वाटलं, आता जांभई देईल, उठेल, आणि ही शेवटची बैठक ठरेल.

पुढच्या आठवड्यात प्लास्टर उरलं तेव्हा तिने वाटाड्या केला. कमरेत वाकलेला म्हातारा, एक पाय तुटलेला म्हणून तिथे गुलाबी मेणाचा पाय, आणि डोक्याला बाद झालेल्या दाढेची टोपी. त्याला तिने खर्जातला, किंचित नाकातला आवाज दिला.

"बाई, माझं ऐकाल तर डावीकडून चला," वाटाड्या म्हणाला. "उजव्या दाराजवळ गेलं की माझा पाय दुखतो."

"जो पाय आहे तो, की जो नाही तो?" धाकटीने विचारलं.

"जो आहे तो कशाला दुखेल?"

धाकटी खो-खो हसली आणि डावीकडे गेली. खेळ धावायला लागला. वर्षभर तो असाच धावला. बेटांमागून बेटं मागे पडली, काठाकाठाने दिवे पेटत गेले. रविवार चुकला नाही. अडलं की धाकटी त्या टोपीवाल्याकडे वळायची आणि म्हणायची, "वाटाड्या, तू काय म्हणतोस?" वाटाड्या काही ना काही म्हणायचाच. शांतता पडायची नाही. आपण एकटीसाठीही भरलेलं टेबल मांडू शकतो, याचं वहिनीला मोठं समाधान होतं.

धाकटी नदीवरच्या फेरीबोटीवर कप्तानाच्या हाताखाली दुय्यम होती. नदी तिथे समुद्राला मिळायच्या आधी चांगली ऐसपैस पसरते, आणि पूल बराच वरच्या अंगाला आहे, म्हणून माणसं, सायकली, दुधाच्या गाड्या, सगळं फेरीने इकडून तिकडे जातं. दोर टाकणं, फळी लावणं, गाड्या दाटीवाटीने उभ्या करून घेणं ही धाकटीची कामं. मधूनमधून कप्तान तिच्या हातात सुकाणू द्यायचा आणि शेजारी उभा राहायचा. त्याची निवृत्ती जवळ आली होती. त्याच्या आत धाकटीला कप्तानकीचा परवाना मिळाला तर बोट तिच्याकडे येणार होती. नाही मिळाला तर बाहेरचा माणूस येईल. परवान्याच्या परीक्षेत परीक्षक बोटीवर येतो, एका कोपऱ्यात उभा राहतो आणि काही बोलत नाही.

थंडी सरता सरता धाकटी परीक्षेला बसली. त्या रविवारी ती आली, जाकीट खुर्चीच्या पाठीला अडकवलं आणि म्हणाली, "नापास."

नवऱ्याने पेपर खाली केला. वहिनीने चहाचं आधण बारीक केलं.

"कुठे अडलं?"

"कुठेच नाही. नियम आले, यंत्र आलं, धक्क्याला लावणं आलं. परीक्षक म्हणाले, तुला सगळं येतं, पण वळणाआधी दर वेळी तू कप्तानाच्या तोंडाकडे बघतेस. मी म्हटलं, नाही बघत. तर म्हणाले, आत्ताही बघितलंस."

"जुनी खोड आहे," नवरा म्हणाला. "लहानपणी आइस्क्रीम कुठलं घेऊ म्हणून माझ्या तोंडाकडे बघायची."

"आणि तू तुझ्या आवडीचं सांगायचास, दादा."

"अर्धं मलाच खायचं असायचं ना."

धाकटी हसली, पण तेवढ्यापुरतीच. "कप्तान जायच्या आत आणखी एकदा बसता येईल. मग नाही. मग मी जन्मभर दुसऱ्याच्या बोटीवर दोर फेकेन." तिने दिवेवालीला डब्यातून काढून टेबलावर उभी केली आणि शेजारी म्हाताऱ्याला ठेवलं. त्याच्या टोपीवर बोट टेकवत म्हणाली, "याला नेता आलं असतं ना परीक्षेला, तर निभावलं असतं. हा एकदाही चुकला नाही."

वहिनी फासे हातात घेऊन तशीच उभी राहिली.

वाटाड्या चुकणार कसा होता? नकाशा तिचा. सापळे तिने लावलेले. म्हाताऱ्याच्या तोंडून बोलणारीही तीच. तिने सोबत म्हणून एक माणूस दिला होता आणि तो वर्षभर दर रविवारी उत्तरं सांगत होता. चौघांच्या टेबलाशी असं कधी झालं नसतं. तिथे दोघांनी सल्ला दिला असता, एकाने चुकीचा, एकाने मुद्दाम चुकीचा. प्रयोगशाळेत एकदा एका आजोबांची कवळी आली होती. ढिली झालेली कवळी नीट करून घ्यायचं सोडून ते वर्षानुवर्षं चिकटवायची पेस्ट थापत राहिले होते. त्यांना वाटायचं, बसते आहे की छान. आत हिरडी झिजून चालली होती. वहिनीला ती कवळी आठवली आणि तिने मनातल्या मनात स्वतःला एक शेलकी शिवी दिली.

पण चूक सापडली म्हणून हातपाय गाळणारी ती बाई नव्हती. चूक सापडली की काम अर्धं झालं, असा तिचा खाक्या. वाटाड्याला काढायचा, झालं.

पुढच्याच रविवारी तिने त्याला बुडवला. होडी दोन खडकांमधून जात होती, अवचित लाट उठली आणि म्हातारा पाण्यात पडला. धाकटी ताठ बसली.

"दोर फेकते."

"दोर अपुरा पडतो."

"शिडाचा दोर सोडते, त्याला जोडते. बुधल्यातलं तेल दुसऱ्या भांड्यात ओतते, रिकामा बुधला बांधते. तो तरंगेल."

"शीड गेलं तर होडी भरकटेल."

"भरकटू दे."

म्हाताऱ्याला शोधण्यात दोन रविवार गेले. दीपस्तंभ राहिले बाजूला. शेवटी धाकटीने फासा टाकला, वीस पडले, आणि वाटाड्या वाळूत ओकत, शिव्या देत जिवंत सापडला, फक्त बोडका.

"वहिनी," धाकटी म्हणाली, "तू त्याला मारायला निघाली होतीस का?"

"मी? लाट आली."

"लाट कुणी आणली?"

वहिनी फासे गोळा करायला लागली. धाकटीने म्हाताऱ्याला रुमालाने पुसलं आणि त्याला नवी टोपी आणायचं फर्मान सोडलं. टोपी आणावी लागली.

मग वहिनीने ठरवलं, वाटाड्याला चुकवायचं. एकदा तोंडघशी पाडला की ही त्याच्यावर विसंबणार नाही. एका गुहेच्या तोंडाशी म्हातारा म्हणाला, "बाई, सरळ आत चला. माझा पाय आज अगदी शांत आहे."

धाकटीने गुहेकडे बघितलंच नाही. ती वहिनीच्या हातांकडे बघत होती.

"नको. आत काहीतरी आहे."

"कशावरून?"

"तू आडोसा सरळ केलास. खोटं बोलताना तू दर वेळी आडोसा सरळ करतेस."

"इतकी वर्षं झाली लग्नाला," कोचावरून नवरा म्हणाला, "हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुझ्याशी बोलताना आडोसा कुठे असतो, दादा?"

"म्हणूनच म्हणतो, एक घेऊन टाकू."

वहिनीही हसली, पण तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. म्हाताऱ्यात काही नव्हतं. तो प्लास्टरचा होता. धाकटी वाचत होती ते वहिनीचं तोंड, जसं ती बोटीवर कप्तानाचं वाचायची. वाटाड्याला बुडवला काय आणि खोटं बोलायला लावला काय, टेबलापलीकडे एक माणूस बसलेलं होतं ज्याला उत्तर ठाऊक होतं, आणि ते तोंडावर कुठे ना कुठे उमटणारच होतं. ठाऊक असलेली गोष्ट लपवण्यात ती कच्ची होती. आणखी कितीही सराव केला असता तरी कच्चीच राहिली असती.

दोन आठवडे ती जरा अस्वस्थ होती. तिने एका बाईच्या कवळीत सुळा उलटा बसवला आणि तो स्वतःच पकडला. मग एका दुपारी ती प्लास्टर कालवत असताना दवाखान्यातून फोन आला. फोन लांबला. ती परत येईपर्यंत कलंडलेल्या वाडग्यातलं प्लास्टर ट्रेवर पसरून दगड झालं होतं. तिने पातं घेऊन ते खरवडायला सुरुवात केली आणि थांबली.

ट्रेवर एक बेट होतं. एका बाजूला उतरत गेलेला सपाट काठ, दुसऱ्या बाजूला कडा. मधोमध एक भेग पार आतपर्यंत गेलेली. बुडबुडा फुटून झालेला खड्डा. सगळ्यात उंच ठिकाणी वाडग्याची कड टेकली होती तिथे एक गोल ओटा. सवयीने तिचं मन कामाला लागलं: भेगेतून होडी जाईल, खड्ड्यात विहीर, कड्याखाली... तिने ट्रे उलटा करून झाकून टाकला.

चहाच्या वेळी तिने सगळ्यांना कागदाचे कपटे वाटले. "एका ओसाड बेटावर काय सापडेल ते लिहा. प्रत्येकी दोन. घडी घालून द्या. मला दाखवायचं नाही."

"आणि पगार कापला तर?" मुख्य तंत्रज्ञांनी विचारलं, पण सगळ्यात आधी लिहायला तेच बसले, आणि लिहिताना शाळेतल्यासारखा हात आड धरला.

रविवारी धाकटी आली तेव्हा टेबलावर आडोसा नव्हता. प्लास्टरचं बेट होतं, आणि एका डबीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.

"आडोसा कुठाय?"

"लपवायला काही नाही. मला नाही माहीत या बेटावर काय आहे ते."

"तुला नाही माहीत?"

"नाही, वन्सं. तुम्ही आत जाल तेव्हा दोघींना एकदमच कळेल."

धाकटीला ती चेष्टा वाटली. तिने होडी बेटासमोर आणली. वादळ मागून येत होतं, हे वहिनीने सांगितलं. तेवढं तिने ठरवलं होतं. ओट्यावर विझलेला दीपस्तंभ. जायला तीन वाटा दिसत होत्या: भेग, सपाट काठ, नाहीतर लांबून वळसा घालून कड्याची मागची बाजू.

"वाटाड्या, तू काय म्हणतोस?"

"बाई," म्हातारा खर्जात म्हणाला, "मी इथे पहिल्यांदाच येतोय."

"काहीतरी म्हण ना."

"काय म्हणू? पायसुद्धा गप्प आहे."

धाकटीने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. मग हातांकडे. वहिनीने ते मांड्यांखाली घातले होते. तोंडावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं, कारण आत काही नव्हतं. धाकटीच्या हे लक्षात आलं तो क्षण वहिनीला दिसला. जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखे तिचे डोळे एकदा भिरभिरले.

मग शांतता पडली. फ्रीजची घरघर सुरू झाली. वहिनीच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. चहा घेतेस का, पंखा वाढवू का, भेग जरा अरुंदच दिसते नाही. ती एकही बोलली नाही. बोलायचं नाही म्हणून तिला बघत बसावं लागलं, आणि बघता बघता तिला धाकटीचे डोळे दिसले. ते प्लास्टरवरून संथ फिरत होते, काठाने, कड्याखालून, भेगेच्या तोंडाशी थांबून पुन्हा मागे. पाण्यावरून फिरावेत तसे. ही कंटाळलेली नाही, वहिनीच्या ध्यानात आलं. त्या पहिल्या रविवारीही नसावी. कंटाळेल म्हणून भ्यायलो ते आपण, आणि आपल्या भीतीला आपण टोपी घालून टेबलावर उभं केलं.

फ्रीज थांबला.

"आत नाही जात," धाकटी म्हणाली. "भेगेत शिरले आणि वारा फिरला तर वळायला जागा नाही. बाहेर नांगर टाकून थांबते."

"टाक फासा."

तीन पडले. नांगर घसरला, होडी सपाट काठावर जाऊन आपटली आणि तेलाचा बुधला फुटला. वहिनीला मनापासून वाईट वाटलं. आधी ठाऊक नसलेलं वाईट असं खरंखुरं वाटतं, हे ती विसरूनच गेली होती. ती काही बोलणार तोच धाकटी म्हणाली, "ठीक आहे. वर चढते. चिठ्ठी काढ."

चिठ्ठीत निघालं: एक घोडा, फार रागावलेला. हस्ताक्षर मुख्य तंत्रज्ञांचं होतं. दोघी हसून हसून बेजार झाल्या. घोड्याला शांत करण्यात तास गेला. दुसऱ्या चिठ्ठीत न्हाव्याची खुर्ची निघाली. नवरा पेपर टाकून कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. वरती दीपस्तंभ धड होता, पण पेटवायला तेल नव्हतं, आणि मागे समुद्रात वादळात सापडलेल्या होड्यांचे कंदील दिसत होते.

धाकटी उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"माझी होडी फोडते. लाकडं वर नेते. दिवा त्यांच्यावर पेटवते."

"परत कशी येशील?" हे वहिनीच्या तोंडून निसटलंच.

"ते मग बघू," धाकटी म्हणाली. तिने म्हाताऱ्याला उचललं आणि त्याला लाकडं वाहायला लावलं.

होडी जळाली, दिवा लागला आणि दिवेवाली बेटावर अडकली. पुढचे कितीतरी रविवार ती तिथेच होती, रागीट घोड्याबरोबर आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या वाटाड्याबरोबर. वहिनीने पुन्हा आडोसा लावला नाही. चिठ्ठ्या संपल्या की ती प्रयोगशाळेत नव्या लिहून घ्यायची. लोक आता न मागता आणून द्यायला लागले होते. धाकटी अजूनही विचारायची, तू काय म्हणतोस म्हणून. म्हातारा म्हणायचा, मला काय कळतंय. मग ती तिचं ती करायची. कधी फसायची. फसली की चरफडायची आणि पुढे जायची.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी वहिनीला पलीकडच्या दवाखान्यात कवळ्यांचा डबा पोचवायचा होता.

"आजच?" नवऱ्याने विचारलं.

"लोक दातांची वाट बघत असतात."

"हो ना. आजच सगळ्यांना काहीतरी कडक चावायचंय."

ती फेरीत चढली आणि खालच्या डेकवर कठड्याशी उभी राहिली. तिथून वरच्या सुकाणूच्या केबिनची काच दिसत होती. काचेत धाकटी, डाव्या हाताला कप्तान, मागच्या कोपऱ्यात हाताची घडी घातलेले परीक्षक. नदी भरून वाहत होती. अर्ध्यावर आल्यावर दिसलं की पलीकडच्या धक्क्यावर गोंधळ झालाय. रेतीने भरलेली एक मालवाहू बार्ज दोर तुटून धक्क्याला आडवी लागली होती आणि माणसं काठावरून हातवारे करत होती. खालच्या अंगाला जुना धक्का रिकामा होता, पण तिथे पाण्याला ओढ फार.

इंजिनाचा आवाज उतरला. बोट नदीच्या मधोमध जागच्या जागी उभी राहिली, प्रवाहाला तोंड देऊन. लोक घड्याळं बघायला लागले. सायकल धरून उभ्या असलेल्या एका बाईने वहिनीला विचारलं, "काय झालं हो? थांबलो का?"

"मला माहीत नाही."

"वर बघताय म्हणून विचारलं. म्हटलं तुम्हाला कळत असेल."

"नाही हो. खरंच नाही माहीत."

हे म्हणताना तिला बरं वाटत होतं. बोट थांबणार की परत फिरणार, की तिसरंच काही, याचा तिला खरोखर पत्ता नव्हता. नकाशा तिचा नव्हता. काचेत कप्तानाने एकदा मान वळवून धाकटीकडे बघितलं. धाकटीने त्याच्याकडे बघितलं नाही. ती पाण्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे त्याच संथ चालीने फिरत असणार, हे इतक्या लांबूनही वहिनीला कळलं.

बराच वेळ गेला. कुणीतरी मोठ्याने कुरकुरलं. मग इंजिन पुन्हा चढलं, बोटीने रुंद वळसा घेतला, ती जुन्या धक्क्याच्याही खाली गेली आणि तिथून प्रवाहाविरुद्ध हळूहळू वर सरकत धक्क्याला येऊन भिडली. भिडली म्हणजे चांगलीच आदळली. बोटीच्या कडेला बांधलेले टायर किंचाळले, आणि वहिनीच्या डब्यातल्या सगळ्या कवळ्या एकदम कडकडल्या.

माणसं उतरली, सायकलवाली बाई उतरली, गाड्या चढणीला लागल्या. वहिनी फळीजवळ रेंगाळली. धाकटी खाली आली, कपाळावरचा घाम मनगटाने पुसत.

"आदळली जरा."

"दात वाजले."

"तुझे?"

"डब्यातले. माझे घट्ट आहेत."

धाकटी हसली आणि कठड्याला टेकली.

"काय म्हणाले?" वहिनीने विचारलं.

"म्हणाले, आदळलीस. मग सही करता करता म्हणाले, टायर बदलून घे, बोट आता तुझीच आहे." तिने वर केबिनकडे एकदा बघितलं, मग खाली, पाण्याकडे. "वहिनी, पण रविवारचं काय? दिवेवालीला त्या बेटावरून उतरायचंय, होडी तर जाळून बसले."

"मला काय विचारतेस," वहिनी म्हणाली, डबा काखेत मारला आणि चढण चढायला लागली.